‘उत्तम स्थितीतला’ कॅमेरा : दोन प्रामाणिक माणसांमध्ये फसलेला एक ऑनलाइन व्यवहार

वापरलेल्या वस्तूंच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीबद्दलच्या तक्रारी ऐकताना बहुतेकांच्या मनात एक गोष्ट आधीच ठरलेली असते : व्यवहार फसला म्हणजे दोघांपैकी कोणीतरी लबाड होते. पुढे मांडलेले प्रकरण त्या समजुतीत बसत नाही, आणि म्हणूनच ते तपशिलाने नोंदवावेसे वाटले. यातील विक्रेती आणि ग्राहक ही दोन्ही सरळ माणसे आहेत. दोघांनीही एकमेकांना जाणूनबुजून काही खोटे सांगितले नाही. तरीही व्यवहार मोडला, वस्तू परत आली, दोघांचाही वेळ आणि पैसा गेला, आणि काही काळ दोघेही एकमेकांना चोर समजत राहिले. दोघांनीही आपापल्याकडचे संदेश, छायाचित्रे आणि संकेतस्थळाशी झालेला पत्रव्यवहार मला वाचायला दिला. ओळख पटेल असे सारे वगळून, त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे.

वस्तू आणि तिची जाहिरात

विक्रीला काढलेला संच म्हणजे एक डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा, एक झूम लेन्स आणि एक ५० मिलिमीटरची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स. विक्रेती हौशी छायाचित्रकार आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भागू लागल्यापासून हा संच त्याच्या जाड कापडी बॅगेत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून होता. जाहिरातीचा मजकूर जेमतेम दोन ओळींचा होता : ‘फार कमी वापरलेला, उत्तम स्थितीत, मूळ बॉक्स आणि बॅगेसह. खरोखर घ्यायचा असेल तरच संपर्क साधावा.’ सोबत चार छायाचित्रे होती. त्यांतले एक उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उचललेले होते आणि उरलेल्या तिन्हींत लेन्सवर झाकण होते. बॉडीचा किंवा लेन्सचा अनुक्रमांक कुठेही दिसत नव्हता, आणि शटर (छायाचित्र टिपताना क्षणभर उघडणारा कॅमेऱ्यातला पडदा) आजवर किती वेळा उघडले याचा आकडा, म्हणजे शटर काउंट, हाही दिलेला नव्हता.

‘फार कमी वापरलेला’ हे तिने मनापासून लिहिले होते, कारण वर्षातून दोन-तीन वेळा प्रवासाला जातानाच ती कॅमेरा बाहेर काढत असे. मात्र त्या प्रवासांत उडत्या पक्ष्यांची सलग छायाचित्रे टिपण्याची तिला आवड होती, आणि सलग टिपताना एका क्षणात दहा-वीस वेळा शटर पडते, हे तिच्या हिशेबात नव्हते. पुढे मोजले तेव्हा शटर काउंट ३८ हजारांच्या घरात निघाला. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचे शटर साधारण १ लाख उघडझापी गृहीत धरून बनवलेले असते आणि काही व्यावसायिक मॉडेलांत हा आकडा ४ लाखांपर्यंत जातो. त्या मानाने ३८ हजार हा आकडा काळजी करण्याजोगा मुळीच नाही. पण ज्याने ‘फार कमी’ हे शब्द वाचून मनाशी पाच-सहा हजारांचा अंदाज बांधला होता, त्याला तो आकडा पाहून आपल्याला गंडवले असे वाटणे स्वाभाविक होते.

किंमत तिने मूळ खरेदीच्या दोन-तृतीयांश ठेवली होती. ती जास्त होती, पण हावरटपणाची नव्हती. माणसे आर्थिक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणाऱ्या डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग देऊन त्यांची विक्रीची किंमत विचारली होती आणि बाकीच्यांना तोच मग ते किती किमतीला घेतील हे विचारले होते. ज्यांच्या हाती मग होता त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही वर गेली. काही मिनिटांपूर्वी हाती आलेल्या मगाबद्दल असे होत असेल, तर ज्या कॅमेऱ्याने आपले कितीतरी प्रवास टिपले तो विकणाऱ्याच्या आकड्यात आठवणींचा भार मिसळणारच. ग्राहकाला त्या आठवणींशी कर्तव्य नसते. त्याला वॉरंटी संपलेली दिसते आणि बाजारात आलेले नवे मॉडेल दिसते.

मधले दिवस

जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी संदेशांची रांग लागली. त्यांतले बहुतेक एकाच वाक्याचे होते : ‘ही वस्तू अजून उपलब्ध आहे का?’ विक्रेतीने प्रत्येकाला नीट उत्तर दिले आणि जवळजवळ कोणीही पुढे काही लिहिले नाही. हा अनुभव ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाला येतो, आणि त्याला लोकांचा बेफिकीरपणा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. या संकेतस्थळावर जाहिरातीखाली तो प्रश्न आयता लिहून ठेवलेला आहे, एक बटण दाबले की निघतो. विचारणाऱ्याला त्यासाठी जाहिरात वाचावीही लागत नाही, आणि उत्तर देणाऱ्याला मात्र हातातले काम सोडून लिहावे लागते. एका बाजूला प्रश्न फुकट आणि दुसऱ्या बाजूला उत्तराला श्रम, अशी रचना असल्यावर प्रश्नांचा पूर येणारच. संकेतस्थळ मात्र याच संदेशांची संख्या ‘तुमच्या जाहिरातीला मिळालेला प्रतिसाद’ म्हणून दाखवत राहते.

त्यानंतर आले ते वस्तू न पाहताच ‘फायनल किती?’ विचारणारे, आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी भावात पाडून मागणारे. एकाने ‘उद्या संध्याकाळी नक्की येतो, दुसऱ्या कोणाला देऊ नका’ असे सांगून तिला घरी थांबवले आणि नंतर फोनही उचलला नाही. त्याच्या भरवशावर तिने दुसऱ्या एका चौकशीला नकार दिला होता.

या सगळ्यापेक्षा घातक ठरला तो एक गोड बोलणारा माणूस. त्याने घासाघीस केली नाही, एकही प्रश्न विचारला नाही, लगेच पत्ता मागितला आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला. थोड्याच वेळात दुसरा संदेश आला की चुकून जास्त रक्कम गेली आहे, तेवढा फरक ताबडतोब परत पाठवा, घरात आजारपण आहे. विक्रेतीने स्वतःच्या बँक खात्यात पाहिले. तिथे काहीच जमा झालेले नव्हते. जादा रकमेची ही युक्ती जुनी आहे. पूर्वी ती खोट्या धनादेशाने चाले : धनादेश न वटता परत येईपर्यंत विक्रेत्याने ‘फरक’ देऊन टाकलेला असे. आता धनादेशाची जागा बनावट स्क्रीनशॉटने किंवा बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या संदेशाने घेतली आहे. ओळखण्याची खूण तीच आहे : वस्तूबद्दल काडीचीही उत्सुकता नाही आणि पैशांची मात्र विलक्षण घाई.

विक्रेती या सापळ्यात अडकली नाही, त्यामुळे वरवर पाहता तिचे काही नुकसान झाले नाही. प्रत्यक्षात या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान इथेच झाले, असे सगळे संदेश तारखेनुसार लावून वाचल्यावर माझे मत बनले. या माणसानंतर तिचा सूर बदलला. प्रत्येक प्रश्नामागे तिला डाव दिसू लागला. आणि दोन दिवसांनी जो खरा ग्राहक आला, त्याला त्या बदललेल्या सुराची उत्तरे मिळाली.

ज्या प्रश्नाचे उत्तर घाईत दिले गेले

ग्राहक दुसऱ्या शहरातला, छायाचित्रण नव्याने शिकणारा. यापूर्वी एकदा त्याने ऑनलाइन मागवलेली जुनी वस्तू बंद निघाली होती, त्यामुळे तोही जपून होता. त्याने तीन गोष्टी विचारल्या : शटर काउंट किती, व्हिडिओ कॉलवर कॅमेरा चालू करून दाखवाल का, आणि प्राइम लेन्सच्या मागच्या बाजूने टॉर्च धरून एक छायाचित्र पाठवाल का. जुन्या लेन्स विकत घेणाऱ्याने विचारायला हवेत नेमके असेच हे प्रश्न होते. विक्रेतीला मात्र ते उलटतपासणीसारखे वाटले. शटर काउंट कसा पाहतात हे तिला माहीत नव्हते, अनोळखी माणसाशी व्हिडिओ कॉल तिला नको होता, आणि टॉर्चच्या मागणीचा अर्थच तिला लागला नाही. तिने उत्तर लिहिले : ‘लेन्स एकदम स्वच्छ आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर घेऊ नका.’

त्याने वस्तू घेतली. भाव आवाक्यातला होता, थोडी सूटही मिळाली होती, आणि पैसे संकेतस्थळाकडे राखून ठेवले जाणार होते, म्हणजे वस्तू मिळून तपासणीची मुदत संपेपर्यंत ते विक्रेतीला मिळणार नव्हते. या सोयीवर दोघांनीही भिस्त ठेवली. पैसे राखून ठेवण्याच्या व्यवस्थेमुळे पैसे घेऊन पळून जाणाऱ्याला आळा बसतो हे खरे. पण पाठवताना वस्तू कशी होती याची नोंद त्या व्यवस्थेत कुठेच होत नाही. विक्रेतीने संच काळजीने बांधला, पण बांधताना छायाचित्रे काढली नाहीत. ग्राहकाने पार्सल उघडताना व्हिडिओ काढला नाही.

प्राइम लेन्स हाती येताच त्याने तिची दोन्ही झाकणे काढली, ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेवले आणि एका बाजूने टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने आत पाहिले. कडेच्या बाजूला, आतल्या एका काचेवर, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरलेले होते. ती बुरशी होती. समोरून, घरातल्या उजेडात पाहिले तर तीच लेन्स निर्मळ दिसत होती. विक्रेती ‘स्वच्छ’ म्हणाली ती तसेच पाहून. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडे असतात. दमटपणा ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला, उजेड आणि हवा मिळाली नाही, की ते लेन्सच्या आत रुजतात. बंद कापडी बॅग आणि अंधारा कप्पा यांहून त्यांना सोयीची जागा नाही, म्हणूनच लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात असे सांगतात. वाढणाऱ्या बुरशीतून आम्लधर्मी द्रव्ये पाझरतात आणि ती काचेवरचे लेपन खातात. लवकर साफ केली तर लेन्स वाचते, उशीर झाला तर काचेवर डाग कायमचे उरतात. बुरशी थोडी असेल तर साध्या छायाचित्रात काहीही जाणवत नाही. उजेडाच्या दिशेने टिपले की चित्रावर धूसरपणा येतो आणि काळे-पांढरे एकमेकांत मिसळल्यासारखे होते. ग्राहकाने खिडकीसमोर घेतलेल्या चाचणी चित्रांत तो धूसरपणा स्पष्ट आहे.

त्याच वेळी त्याने शटर काउंट पाहिला. बुरशी आणि ३८ हजार, दोन्ही एकदम समोर आल्यावर त्याने लिहिले : ‘तुम्ही मला फसवले आहे. म्हणूनच टॉर्चचा फोटो पाठवला नाहीत.’ तिचे उत्तर तितकेच तडकाफडकी होते : ‘मी पाठवलेली लेन्स ही नाहीच. तुम्ही तुमची खराब लेन्स दाखवत आहात.’

हे दोन्ही आरोप खोटे आहेत, आणि दोन्ही आरोप करणाऱ्यांना पूर्णपणे खरे वाटत होते. हातोहात व्यवहार झाला असता तर दोघांनी एकाच टॉर्चच्या उजेडात एकत्र पाहिले असते, ‘अरे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते’ एवढे बोलून भाव कमी झाला असता किंवा सौदा थांबला असता, आणि दोघेही कडवटपणा न धरता घरी गेले असते.

तक्रारीची सुनावणी

संकेतस्थळाच्या तक्रार विभागाचा सगळा पत्रव्यवहार मी वाचला. दर वेळी उत्तर देणारी व्यक्ती वेगळी होती आणि दर वेळी दोघांनाही तीच माहिती नव्याने द्यावी लागली. विभागाने छायाचित्रे मागवली, जाहिरातीचा मजकूर आणि ‘लेन्स एकदम स्वच्छ आहे’ हा संदेश पाहिला, आणि वस्तू वर्णनाप्रमाणे नाही असा निर्णय दिला : वस्तू परत, ग्राहकाला पैसे परत, परतीचे कुरिअर विक्रेतीच्या माथी. कागदावर हा निर्णय बरोबर आहे. मला खटकते ते हे की विक्रेती लेन्स बदलल्याचा गंभीर आरोप करत असताना विभागाने अनुक्रमांकाचा प्रश्न कोणालाही, एकदाही विचारला नाही. त्या एका प्रश्नाने आरोप खरा की खोटा हे तिथल्या तिथे ठरले असते. तो न विचारल्यामुळे निर्णय झाला, पण संशय जसाच्या तसा राहिला.

तो फिटला नंतर, आणि संकेतस्थळाबाहेर. परत आलेली लेन्स आपली नव्हेच हे सिद्ध करायचे म्हणून विक्रेती पुरावा शोधत होती. डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळ, ॲपर्चर, शटरचा वेग अशी माहिती एक्झिफ या प्रमाणित स्वरूपात साठवलेली असते. या प्रमाणाच्या २०१० मधल्या २.३ या आवृत्तीत बॉडीचा आणि लेन्सचा अनुक्रमांक नोंदवण्याची सोय झाली. सगळेच कॅमेरे आणि लेन्स ती पाळत नाहीत, हा संच पाळत होता. एका जाणकार मित्राच्या सांगण्यावरून तिने त्याच लेन्सने टिपलेली जुनी छायाचित्रे उघडून पाहिली. त्यांत नोंदलेला क्रमांक आणि परत आलेल्या लेन्सवर कोरलेला क्रमांक एकच निघाला. बुरशी तिच्याच लेन्सवर होती, तिच्याच कपाटात वाढली होती. तिने ग्राहकाला दोन्ही क्रमांकांची छायाचित्रे पाठवली आणि आपला आरोप मागे घेतला. त्यानेही ‘मुद्दाम लपवले’ हे शब्द मागे घेतले.

कारणमीमांसा

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की वस्तूचा खरा दर्जा फक्त विक्रेत्यालाच माहीत असेल, तर ग्राहक सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरी भाव देतो, त्या भावात चांगली वस्तू विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या वस्तूंचे मालक मागे फिरतात, आणि बाजारात उरलेल्या मालाचा दर्जा आणखी घसरतो. अपुऱ्या आणि विषम माहितीच्या बाजारांवरील या विचारासाठी त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या प्रकरणात या मांडणीला एक फाटा फुटतो : लेन्समधला दोष विक्रेतीलाही ठाऊक नव्हता. माहिती तिच्याकडे होती आणि तिने दडवली असे झाले नाही, ती कोणाकडेच नव्हती, आणि ती मिळवण्याचा एकमेव स्वस्त मार्ग, म्हणजे एक टॉर्च आणि एक छायाचित्र, अविश्वासामुळे बंद झाला. जादा रक्कम परत मागणारा तो भामटा एक रुपयाही न घेता निघून गेला, पण पुढच्या सरळ माणसाच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळण्याची शक्यता तो घेऊन गेला. फसवणुकीची किंमत मोजताना आपण लुबाडले गेलेले पैसे मोजतो; असे बिघडलेले सौदे कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

अविश्वासावर उपाय म्हणून संकेतस्थळे गुणांकनाकडे, म्हणजे व्यवहारानंतर एकमेकांना दिलेल्या अभिप्रायांकडे, बोट दाखवतात. ही पद्धत रुळवली ती १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने. तिथे १९९६ पासून ग्राहक आणि विक्रेते एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवू लागले. तिचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुन्या पोस्टकार्डांचा तोच माल नावाजलेल्या खात्यावरून आणि नव्या खात्यांवरून विकला, तेव्हा नावाजलेल्या खात्याला सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली. पण घरातली एखादी वस्तू कधी तरी विकणाऱ्या माणसाकडे असे नाव असणार कुठून? शिवाय दोन्ही बाजूंना अभिप्राय देता येत असला की सूडापोटी वाईट शेरा मारला जातो. त्याच कारणासाठी ईबेने २००८ मध्ये विक्रेत्यांना ग्राहकांविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याची मुभा काढून घेतली. आपल्या प्रकरणातील विक्रेतीचा हा पहिलाच व्यवहार होता. तिच्या खात्यावर आज एकच अभिप्राय आहे.

माझ्या मते या व्यवहारात जे हवे होते ते गुणांकनाच्या आधीचे आहे. वस्तू पाठवण्यापूर्वी तिच्या स्थितीची दोघांनाही पडताळता येईल अशी नोंद व्हायला हवी होती : दोन्ही अनुक्रमांक दिसतील अशी छायाचित्रे, शटरचा आकडा, प्रत्येक लेन्समधून टॉर्च टाकून घेतलेले एक चित्र, आणि वस्तू किती काळ, कशी ठेवली होती याचे एक वाक्य. मोबाइल विकणाऱ्याने बॅटरीची उरलेली क्षमता आणि १५ आकडी आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) दाखवावा, लॅपटॉप विकणाऱ्याने बॅटरी किती वेळा चार्ज झाली ते आणि खात्याचे कुलूप काढल्याचे दाखवावे, हे त्याच जातीचे आहे. जाहिरात भरून घेताना संकेतस्थळे रंग, ब्रँड आणि मॉडेल सक्तीने विचारतात. हे तपशील विचारणे त्यांना अवघड नाही. ते विचारत नाहीत, कारण जाहिरात टाकायला जितका कमी वेळ लागेल तितक्या जाहिराती वाढतात, आणि तक्रारीचा खर्च बव्हंशी दुसऱ्याच्या खिशातून जातो.

विक्रेतीने पुढे बॉडी आणि दोन्ही लेन्स वेगवेगळ्या जाहिरातींत विकायला काढल्या. प्राइम लेन्सच्या जाहिरातीत पहिलेच छायाचित्र टॉर्चच्या उजेडातले, तंतू दिसणारे होते, आणि खाली लिहिले होते : ‘मागच्या बाजूच्या आतल्या काचेवर बुरशी आहे, कडेला, साफ करून घ्यावी लागेल.’ ‘उपलब्ध आहे का?’ हे संदेश तिथेही आलेच, पण भाव करणाऱ्यांनी या वेळी लेन्सबद्दल विचारले. लेन्स खोलून साफ करण्याची हातोटी असलेल्या एकाने बुरशी लेपनापर्यंत पोहोचली आहे का एवढे विचारून, नवीच्या एक-चतुर्थांश किमतीत ती नेली. ३८ हजारांचा आकडा ठळकपणे लिहिलेली बॉडी झूम लेन्सआधी गेली.

पहिल्या ग्राहकाने आपला प्रतिकूल अभिप्राय काढून टाकावा म्हणून संकेतस्थळाला स्वतः लिहिले. त्याला उत्तर आले की व्यवहार बंद झाल्यानंतर अभिप्रायात बदल करण्याची तरतूद नाही. परतीच्या कुरिअरचा निम्मा खर्च त्याने विक्रेतीला देऊ केला, आणि तिने तो घेतला.